पास्कलचा पातळ स्टाउट

दुखान, शुक्रवार १४ नोव्हेंबर

इथे आखातात घरी बिअर करता येत नाही, म्हणून कॅनडातल्या धाकट्या भावाला, पास्कलला, फोनवरून शिकवली. पप्पांच्या पंचाहत्तरीसाठी स्टाउट, दाट काळ्या बिअरचा प्रकार, सायीसारखा मऊ. आज त्याने ग्लास दाखवला. कोऱ्या चहासारखा पातळ. रविवारी पंचाहत्तरी, दुसरा करायला वेळ नाही.

एकेक विचारत बसलो. भाजलेले जव भरडलेस? हो. ओट्स घातलेस? हो. "आणि दादा, भिजवण्याआधी सगळं तीन पाण्यांनी धुतलं."

भरडलेलं धान्य धुतलं! जो पिठूळपणा हवा तोच मोरीत, खलास. इतका ओरडलो की त्याने फोनच ठेवला. धान्य धुवायला सांगितलं कोणी याला?

मग भात लावायला उठलो. तांदळाचं तिसरं पाणी ओतताना आठवलं. मम्मी गेल्यावर त्याला भात करायला मीच शिकवलं होतं. पाणी नितळ दिसेपर्यंत धू, पास्कल.