मातीनं लिंपलेला सायलेन्सर

बाबा, तुमचा हात गेला नव्हता. आधी एवढंच सांगते, बाकीचं सावकाश.

शहापूरच्या आपल्या गॅरेजमागे तुम्ही ट्रॅक्टरचे सायलेन्सर भाजायचात. गोवऱ्या रचायच्या, वर धानाची तणीस टाकायची, सायलेन्सर आडवा ठेवायचा, दोन्ही तोंडं उघडी. आतली काजळी जळून जायची आणि उलटा करून ठोकला की राख पडायची. आई ओरडायची, “वाळले कपडे पुन्हा काळे होऊन राहिले ना!” तुम्ही हसून म्हणायचात, “काळं आहे म्हणून तं पोट भरते आपलं.”

मग ते धानाच्या रोवण्याचे दिवस. सिहोऱ्याचा एक शेतकरी सायलेन्सर घेऊन आलेला, चिखलणी अडलेली, क्षणाचा धीर नाही. घाईत तुम्हाला नवीनच सुचलं. दोन्ही तोंडं मातीनं लिंपलीत आणि गोवऱ्या दुप्पट लावल्यात. “आच आतच कोंडली का झटकन साफ होते,” म्हणालात. निवल्यावर माती फोडता तर काजळी तशीच चिकटलेली. मग तोंडं उघडून नेहमीची आग दिलीत, तरी ती जळेना. शेतकरी म्हणाला, “मिस्त्री, तुमच्या हाताले पयल्यासारखं नाही राहिलं आता.” गावभर सगळ्यांना ऐकवणारे तुम्ही, पण त्याच्यापुढे मान खाली घालून फुटलेली माती गोळा करत बसलात. मला राग आला होता, त्याचाही आणि तुमचाही. दिवाळीच्या आत गॅरेज बंद. मी विचारलं, “काहून बंद केलं, बाबा?” तर म्हणालात, “हात गेला, पोरी. आगीची पारख गेली.” ते मनात घेऊनच तुम्ही गेलात.

मी आता नागपूरच्या प्रयोगशाळेत डिझेलची काजळीच जाळते. धंदा सुटला, काळं काही सुटलं नाही. गेल्या आठवड्यात ती आधी हवेशिवाय खूप तापवली आणि मग हवा देऊन जाळायला घेतली, तर पेटायलाच तयार नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून बघते तर तिच्यातले आधी विस्कटलेले कार्बनचे थर सरळ होऊन एकावर एक बसलेत. चुरगळलेला कागद भडकन पेटतो, घट्ट बांधलेली वही पेटत नाही, तसं. आपल्या गोवऱ्यांची आच माझ्या भट्टीएवढी नव्हती, पण काजळीतला चटकन पेटणारा तेलकट अंश उडवायला आणि उरलेली हट्टी करायला ती पुरली असणार. बंद तोंडातून हवा जाणार कुठून? नाकाडोंगरीकडे लाकूड लिंपून भाजतात, तेव्हा राख होत नाही, कोळसाच होतो. हे तुम्हालाही ठाऊक होतं, घाईत सुचलं नाही, एवढंच. मी स्टुलावर बसून रडले आणि मग हसू आलं. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! असे फसलेले प्रयोग आमच्याकडे रोजचेच, त्यापायी कुणी प्रयोगशाळेला कुलूप लावत नाही.

हे पत्र टपालात पडायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. गॅरेज बंद झाल्यावर तुम्ही दुपारी घरी असायचात. मी शाळेतून आले की माझ्यासोबत जेवायला बसायचात, तोंड पाडून का होईना. मी फार खूश होते, बाबा. तेव्हा कुणी मला हे सगळं समजावून सांगितलं असतं, तरी मी तुम्हाला सांगितलं नसतं.