डावीकडे वळताना चारही दिवे

आई, तुझ्या गाडीचा डावा इंडिकेटर दिला की चारही दिवे लुकलुकायला लागतात. उजवा दिला तरी चारही. म्हणजे गाडी मागच्याला सांगते की मी वळणार आहे, पण कुठे ते विचारू नका. असं बोलणारी माणसं आपल्या नात्यात कमी नव्हती. फक्त त्यांच्या मागून ट्रक येत नसत. तुझी नात सोमवारपासून हीच गाडी घेऊन उज्जैनहून देवासला नोकरीला जाणार आहे, रोज, एकटी. मला हल्ली घास गिळताना ट्रक दिसतात.

तू गेलीस तेव्हा ती जन्मलीही नव्हती. तिने तुला एका फोटोत पाहिलंय, पदर खोचून स्टिअरिंगवर बसलेली, आणि तो फोटो ती माझ्याविरुद्ध पुराव्यासारखा वापरते. "आजीने चालवली ना? मग?" मी आयुष्यभर पोरांना न्यायशास्त्र शिकवलं, पण हा "मग?" कुठल्याच सूत्रात बसत नाही. बस आहे की, असं म्हणून पाहिलं. "बाबा, एकदा बस स्टँडवर जाऊन तर बघा. सिंहस्थासाठी सगळे रस्ते खोदून ठेवलेत, बस कुठून निघेल ते ड्रायव्हरला पण नाही माहीत." हे खरं होतं. तिची खरी वाक्यं नेहमी अडचणीच्या वेळी येतात; हे तुझ्याकडून आलंय.

गाडी तुझी म्हणतो खरं, पण तुझं तिच्यात आता पत्रा आणि स्टिअरिंग एवढंच उरलंय. डायनमो काढून अल्टरनेटर बसवला, पुढे डिस्क ब्रेक घातले, सीटबेल्ट लावले. आणि नात जाणार हे पक्कं झाल्यावर इंडिकेटरमधले जुने बल्ब काढून एलईडी टाकले, कारण ते जुने बल्ब दुपारच्या उन्हात तेल संपत आलेल्या समईसारखे दिसायचे. म्हटलं, पोरगी वळतेय हे देवासपर्यंत दिसायला हवं. त्याच दिवसापासून चारही दिवे लागायला लागले.

फ्रीगंजातल्या मेकॅनिककडे नेली. तो म्हणाला, "पंडितजी, फ्लॅशर गया." दिव्यांची उघडझाप करणारा तो फ्लॅशर नवा घातला, आता चारही दिवे अधिक उत्साहाने लुकलुकू लागले. मग त्याने बॉडीला जोडलेल्या सगळ्या अर्थिंगच्या तारा घासून पुन्हा कसल्या. तरी तेच. शेवटी हात पुसत म्हणाला, "पुरानी गाड़ी है, थोड़ा एडजस्ट करना पड़ेगा. वैसे भी यहाँ इंडिकेटर देखता कौन है?" माझी झोप उडाली ती या शेवटच्या वाक्याने, कारण ते त्याचं निदान नव्हतं, शहराचं वर्णन होतं.

तुझा तर इंडिकेटरवर विश्वासच नव्हता. गाडीत असूनही तू हात दाखवायचीस, तोही खांद्यापासून सरळ, बांगड्या कोपरापर्यंत घसरत. टावर चौकात उजवीकडे वळायचं झालं की आधी तुझा हात चौकात शिरायचा, मागून गाडी. मी मागच्या सीटवर दप्तर मांडीवर घेऊन शरमेने खाली सरकतोय, आणि पोलीस ओरडतोय, "बहनजी, हाथ अंदर लीजिए, टेम्पोवाला ले जाएगा!" तू काच आणखी खाली करून म्हणतेस, "तो उससे कहिए, आँखें खोलकर ले जाए." त्या काळी उज्जैनमध्ये गाडी चालवणारी मराठी शाळामास्तरीण म्हणजे एक प्रेक्षणीय स्थळच होतं. महाकाल झाला की तू.

आणि मला शिकवत होतीस तो दिवस. माधव नगरात मी हात न दाखवता वळलो. तू म्हणालीस, "थांबव." मी थांबवली. "मागच्याला तुझ्या मनातलं कसं कळणार?" मी म्हटलं, मागे कोणी नव्हतंच. "हे तू पाहिलंस?" पाहिलं नव्हतं. तू मला उठवून बाजूला बसवलंस, स्वतः स्टिअरिंगवर बसलीस आणि गाडी थेट भैरवगढला नेलीस. तिथे ठशांच्या छपाईची लालकाळी चादर घेतलीस, आणि पुढच्या आठवड्यात तिची सीटकव्हरं शिवून मला म्हणालीस, "घे, आता तुझी गाडी." रागावण्याची आणि देण्याची तुझी पद्धत एकच होती, समोरच्याला कळायला वेळ लागायचा.

शुक्रवारी मग आम्ही बापलेक स्वतःच बसलो. ती स्विचपाशी, मी टेस्ट लॅम्प घेऊन गाडीभोवती. "बाबा, तुम्ही शास्त्रार्थ करा, मी बटण दाबते." मी एकेक दिवा काढून बघत होतो, नेति नेति करत. मागचा डावा नाही. पुढचा उजवा नाही. शेवटी डॅशबोर्डवरचा तो इवलासा हिरवा दिवा काढला, दोन्ही बाजूंना मिळून एकच असतो तो, आणि डावीकडचे फक्त डावीकडे लागले. परत घातला, चारही. काढला, डावे. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही जुळले! मी बोनेटवर थाप मारली, तर ती म्हणाली, "हळू, पत्रा आजीचा आहे."

झालं होतं असं. त्या हिरव्या दिव्याला स्वतःचं अर्थिंगच नाही, तो दोन्ही बाजूंच्या तारांमध्ये जोडलेला. डावी बाजू लागली की त्यातून थोडीशी वीज उजवीकडच्या बल्बांतून बॉडीला जाते. जुने बल्ब खादाड, तेवढ्याने ते पेटत नसत. एलईडी मात्र कणभर मिळालं तरी झळकतात. म्हणजे ती दिसावी म्हणून घातलेल्या दिव्यांनीच ती कुठे वळतेय ते कळेनासं केलं. ऐकून ती इतकी हसली की स्विचवरून हात सुटला. "बाबा, गाडीला तुमची काळजी बाधली!" उपाय दोन डायोडचा: दोन्ही बाजूंकडून एकेक त्या दिव्याकडे, म्हणजे वीज येईल पण पलीकडे जाणार नाही, आणि दिव्याचं दुसरं टोक बॉडीला.

शनिवारी ती मैत्रिणीकडे गेलेली असताना मी ते डायोड सोल्डरचा डाग देऊन जोडले. मग स्विच लावून गाडीच्या मागे जाऊन उभा राहिलो. डावा दिला, डावे. उजवा दिला, उजवे. लख्ख, टकटक, एकदाही चूक नाही. शेजारचे गृहस्थ गेटमधून म्हणाले, "वाह पंडितजी, एकदम शोरूम!" मी स्विच बंद केला आणि किल्ली काढून खिशात घातली.

संध्याकाळी तिने विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "अजून एक वायर बघायची आहे."

तिने फोटोचा पुरावा काढला नाही, हसली नाही. "बरं, मग सोमवारी बसने जाते. घाई नका करू बाबा, नीट बघा," म्हणाली, आणि माझ्यासाठी चहा टाकायला गेली. आता रविवारची दुपार आहे, ती आत ओढणीला इस्त्री करतेय आणि किल्ली माझ्या खिशात आहे. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून इथे लिहितो.

आई, एकही वायर उरलेली नाही.