सोबत कोण आहे?

ताई,

आपल्या दोघींना जन्मभर एकच प्रश्न विचारला गेला, "सोबत कोण आहे?" दादाला सवड नसली की माझी शाळा बुडायची, तुझी तर सुटलीच.

काल सायकलवरून एका घरी बाळंतपण करायला गेले आणि डॉक्टरांच्या मोटारीआधी पोहोचले. घरातल्या आजीबाई म्हणाल्या, "नर्सबाई, सोडायला कोण आलंय?" म्हटलं, "मीच आले की मला सोडायला!"

बायकांच्या मोकळिकीसाठी सभांमधून मी कितीही गरजले, तरी दवाखान्यातल्या आम्हा अकरा नर्सना गावभर मोकळं फिरवलं ते या दोन चाकांनीच.

आता सोबत नाही म्हणून भाऊजी तुझ्या लेकीचं कॉलेज बंद करताहेत. तुमच्याकडे पत्रं तेच फोडतात, म्हणून हे टपालात टाकत नाही. रविवारी तिच्यासाठी माझी जुनी सायकल घेऊन येते आणि तुला समोरच सांगते: सोमवारी पोरीला एकटीला कॉलेजला पाठव.

तुझी धाकटी