दोन बरण्या आणि देवकीचा हात

लिहून ठेवणार नत्थू रामाजी कुंभार, वय अदमासे एकाहत्तर, राहणार कुंभारपुरा, नागपूर. शिक्षण मराठी तिसरी. डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही की भरीस घातलेले नाही. माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय करावे ते लिहितो.

१. राहते घर पत्नी वच्छलाबाई हिला, तिच्यानंतर मुलगा श्रीधर याला. पावसाळ्याआधी छपरावरचे मातीचे कवेलू फेरावेत, विसरू नये.

२. चाक व थापी श्रीधरला. त्याने माठ, रांजण करावेत. बरण्या करू नयेत. कारण खाली आहे.

३. इतवारीतले बरण्यांचे दुकानदार भैयाजी यांच्यावरचा दहा वर्षांचा राग मी सोडला. १९४८ साली मी माठाच्याच मातीची बरणी करून, वर काचेच्या भुकटीचा लेप देऊन त्यांना दाखवली. ते म्हणाले, "माठाले कोट घातला म्हणून तो सायेब होते का गा, नत्थूजी?" त्यांचे खरे होते. आमच्या भट्टीच्या जाळात माती भाजते, पण तिची बारीक छिद्रे बुजत नाहीत. म्हणूनच माठ पाझरतो व पाणी गार होते. चिनी मातीची बरणी फार मोठ्या जाळात दगडासारखी होते, थेंब सोडत नाही. मला हे ठाऊक होते. तरी अपमानाच्या भरात ती बरणी घरी दिली आणि इतवारीतून विकत आणली म्हणून सांगितले.

४. वच्छलाबाईने तीत आंब्याचे लोणचे घातले. महिन्याभरात खार पाझरला, बुरशी आली. तिने सुनेला, देवकीला, धरले. "चार दिवस बाहेर बसाचं कळत नाही वं तुले? बरणीले हात काहून लावला?"

देवकी माझ्याकडे बोट करून म्हणाली, "नाही शिवली जी मी. मामाजींले विचारा, ते इथंच होते."

मी चाकाकडे पाहिले. त्याच सकाळी बरणीच्या बुडावर फुटलेले पांढरे मीठ मी पंच्याने पुसले होते.

तेव्हापासून देवकी लोणच्याला हात लावत नाही. स्वतःच्या लेकरासाठीही फोड सासूकडे मागते. ती खोटी बरणी मी भट्टीमागे लपवून ठेवली आहे.

५. भैयाजींकडून औंदा आणलेली खरी बरणी देवकीची. माझ्या तेराव्याला दोन्ही बरण्या पाण्याने भरून कोरड्या राखेवर ठेवाव्यात आणि हा कागद सर्वांपुढे वाचावा.

सहीआधी जोडलेले: साक्षीला भैयाजींना बोलावले. वाचून ते म्हणाले, "सही करतो. पण मेल्यावर कबूल कराले काय लागते गा? तवा तोंड कोणाले दाखवा लागते?" मी उठलो. देवकीला बोलावून कलम ४ वाचून दाखवले. तिने आत, सासू होती त्या स्वयंपाकघराकडे पाहिले. मग म्हणाली, "आत्याबाईले तुमीच सांगा जी."

म्हणून तेराव्याची अट रद्द. दोन्ही बरण्या सकाळपासून अंगणात आहेत. एकीखालची राख ओली झाली आहे. वच्छलाबाई त्या राखेकडे पाहत उभी आहे. सही करून मी तिच्याकडे जातो.

नत्थू रामाजी कुंभार (सही)

साक्षीदार: भैयाजी, दुकानदार, इतवारी (सही)
मारोतराव, शेजारी, कुंभारपुरा (सही)

नागपूर, ता. १४ जून १९५८