दोन पट्ट्या आणि मधला पाट

विहिरीवरची सागवानी कप्पी, राहत्या घराच्या सहा खिडक्या, देव्हारा, चिकू उतरवायचे चार झेले, सलोनीचा पाळणा (हल्ली त्यात कांदे असतात) आणि न बांधलेल्या घराचे एकोणीस नकाशे. एवढे मी, हरेश्वर पद्माकर चुरी, वय सत्तावन्न, राहणार पापडी, तालुका वसई, स्वतःच्या हाताने केले. कोणाकडे शिकलो नाही. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोके शाबूत आहे, कोणाचा दबाव नाही, म्हणून मागची व्यवस्था आजच लिहून ठेवतो.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी विनया हिला. खिडक्यांना दर दिवाळीआधी तेल लावावे. जवसाचेच.

२. रंधे, पटाशा, करवती पुतण्या केयूर यास. त्याच्या बापाशी मी बोलत नाही, पण पोराचा हात सरळ आहे. पटाशीने स्क्रू पिळताना दिसल्यास हे कलम रद्द.

३. वाडीतील माझ्या दोन पट्ट्या, एक वडिलार्जित, एक आत्याकडून घेतलेली, कन्या सलोनी हिला. ती विरारला भाड्याने राहते. वाटपात प्रत्येकाला विहीरही लागावी आणि रस्ताही, म्हणून वाडी लांबीत कापली गेली. पट्ट्या धोतरासारख्या झाल्या, लांबच लांब आणि अरुंद. माझ्या दोन पट्ट्यांच्या मधून पाण्याचा पाट जातो. विहीर थोरले बंधू शरदचंद्र यांच्या वाट्याला, म्हणून पाटही त्यांच्याच नावावर. पण आमच्याकडे पट्टी मोजतात ती पाटाच्या मध्यापर्यंत, दोन्ही बाजूंनी. मीही तशीच मोजली आणि नकाशा केला. सरकारी मोजणीत दर पट्टी दीड फुटाने कमी भरली. भूखंड आधीच लहान, त्यात ही तूट. भोवती सोडायचे सामासिक अंतर सुटेना, आणि परवानगी नाकारली गेली.

मोजणीच्या दिवशी सगळ्या वाडीसमोर दादा म्हणाला, "हा स्वतःच गुरू नि स्वतःच चेला. चुकला तर छडी मारणार कोण?" सगळे हसले. मोजणीदारही हसला. त्याला सहा वर्षे झाली.

४. लहान भूखंडावर विशेष बाब म्हणून सवलत मिळावी, असा माझा चौथा अर्ज नगररचना कार्यालयात प्रलंबित आहे. तो सलोनीने चालवावा. पाट मिळाला तर दोन्ही पट्ट्यांचा एकच भूखंड होईल आणि सवलत लागणारच नाही, हे तिथल्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते. बिल्डरला जमीन देऊ नये. त्याचा आकडा मी ऐकूनही घेतला नाही.

५. घराबद्दल. ते बांधलेले नाही, पण आहे. दर वर्षी दसऱ्यानंतर मी ते फक्कीने जमिनीवर आखतो. अर्धे एका पट्टीवर, अर्धे दुसरीवर, मध्ये पाट, तो ओलांडून जायचे. दुपारी जेवून माजघराच्या जागी चटई टाकतो. डोळे मिटले की भिंती सावकाश वर येतात, गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, आणि तिथे खिडक्या बसेपर्यंत थांबतात. पूर्वेच्या खिडकीतून केळीच्या पानांची सळसळ आत येते, खोलीभर फिरते, पाटाच्या पाण्याबरोबर पलीकडे निघून जाते. जिन्यावर पावले वाजतात. पायऱ्या पंधरा, मी झोपेतही मोजतो.

विनया चहा घेऊन येते. मी म्हणतो, "अगं, भिंतीतून काय येतेस? दार तिकडे आहे."

"बघत होते, भिंतीला आपटून चहा सांडतो का."

पण हल्ली ती वळसा घालून दारातूनच येते. या रेषा सलोनीने दर वर्षी आखाव्यात, घर उभे राहीपर्यंत.

६. माझी शोकसभा नको. दादा आला तर त्याला खुर्ची द्यावी, त्याचे गुडघे दुखतात.

७. चौथा अर्ज नामंजूर झाल्यास:

वरील सर्व मजकूर माझ्या अक्षरात आहे, एकही खाडाखोड नाही.

स्थळ: पापडी, वसई, जिल्हा पालघर
दिनांक: ९ जानेवारी २०२६
सही: हरेश्वर पद्माकर चुरी
साक्षीदार: फ्रेडरिक तुस्कानो, शेजारी. एलिसा डाबरे, निवृत्त परिचारिका.

पुरवणी. फ्रेडरिकने पेन उघडले आणि थांबला. "हरेश, सातवं कलम कोरं हाय. कोऱ्या जागेवर मी सही नाय करनार. भर, नाय तर रेघ मार." एलिसाबाई म्हणाल्या, "सोमवारी भूल देतील, त्याच्या आधी भरा." म्हणून भरतो. समासात तिघांच्याही सह्या आहेत.

अर्ज नामंजूर झाल्यास सलोनीने काकांकडे जावे. नकार माझा होता, तिचा नाही.

गेल्या महिन्यात दादा वाडीत आला. फक्कीच्या रेषेपाशी थांबला, गुडघा धरून चपला बाहेर काढल्या आणि बरोबर दारातून आत आला. जिथे छप्पर नाही तिथे बराच वेळ वर बघत राहिला. "हवेशीर आहे रे," म्हणाला. मग, "पाट तुझ्या नावावर करून देतो. फुकट दिला तर तू घेणार नाहीस, म्हणून किंमत लावतो." मी म्हणालो, "मेहेरबानी नको. नियमाने मिळेल ते घेईन." तो दारातूनच बाहेर गेला.

मी नाकारलेला प्रस्ताव असा: तीन फूट रुंदीचा पाट, विहिरीपासून रस्त्यापर्यंत, पाण्यासह. रक्कम: सव्वा रुपया.