आत्याची पावडर आणि न निघणारी टोपी

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (त्यातून डोकं तेवढं वगळ, ते टेकवण्याच्या स्थितीत नाही.) तुझा गुडघा काय म्हणतो? आतोबांचा खोकला? आमच्याकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं; विश्वास ठेवू नकोस. दोन गल्ल्यांपलीकडे राहून पत्र कसलं लिहितो म्हणशील, पण आज दुकानातून येताना अर्धी गल्ली हसत माझ्या मागे आली. पुन्हा बाहेर पडायची छाती होत नाही. म्हणून हिच्या हाती पत्र देतोय, आणि हीसुद्धा तोंड दाबून हसतेय.

तुला ठाऊकच आहे, माझ्या डोक्याला तेल लावावं लागत नाही, ते आपोआप सुटतं. रात्री खसाखसा धुऊन झोपावं, तर सकाळी केस तळून काढल्यासारखे! रोज उशीचे अभ्रे बदलले, पंचा गुंडाळून झोपलो, लिंबू चोळलं (त्याने डोळे तेवढे स्वच्छ झाले), उपयोग शून्य. बरं, कारकून असतो तर कोण बघतंय! पण आमचं पडलं टोप्यांचं दुकान. प्रत्येक टोपी गिऱ्हाइकाला दाखवायला आधी माझ्या डोक्यावर चढते, आणि उतरते ती अस्तराला तेलाचा डाग घेऊन. मालकांनी बजावलं, आणखी एक टोपी डागाळली तर दुसरं दुकान बघ. या वयात मला कोण ठेवून घेणार गं? लोक डोळ्यांत तेल घालून जागतात, मी डोक्यातल्या तेलाने जागत होतो.

तेव्हा तू म्हणालीस, "झोपताना केसांच्या मुळाशी चिमूटभर पावडर चोळ, रात्रभरात सगळं तेल पिऊन टाकते." तुझ्या मनात अंगाला लावायची पावडर होती, हे मला आज कळतंय. आमच्या दुकानात पावडर म्हणजे एकच, टोप्या ताठ राहाव्यात म्हणून लावतात ती खळीची भुकटी! तीच पुडीत बांधून आणली आणि ओलसर केसांत मूठभर चोळली. (चिमटीने माझं काय होणार, असा विचार केला. विचार करणं हे माझं काम नव्हे.) सकाळी बघतो तर, खोटं कशाला बोलू, तेलाचा टिपूस नाही! टिचकी मारली तर दारावर टकटक केल्यासारखा आवाज. आनंदाने रडायचाच बाकी होतो.

दुकानात पोचतो तो बँडमास्तर हजर. त्यांना सगळ्या वाजवणाऱ्यांसाठी एकसारख्या टोप्या हव्या होत्या. मालकांनी एक माझ्या डोक्यावर ठेवली. त्यात पंखा बंद. मला घाम फुटला, घामाने खळ भिजली, आणि बँडमास्तरांचा टोप्यांचा रंग ठरेपर्यंत वाळून घट्टही बसली. "काढा, आतून बघू," म्हणाले. काढतोय कसली! मी ओढली, मालकांनी ओढली, शेवटी बँडमास्तरांनी माझ्या पाठीला गुडघा लावून ओढली. भुवया कपाळभर वर गेल्या, टोपी जागची हलली नाही. म्हटलं, संपलं, गेली नोकरी. तर बँडमास्तर खूश! वाजवताना त्यांच्या लोकांच्या टोप्या पडतात म्हणे, तेव्हा अशीच बसणारी हवी. उद्या ते सगळी माणसं घेऊन येणार, आणि प्रत्येक जण ही टोपी ओढून बघणार. मालकांनी मला कोपऱ्यात घेतलं आणि म्हणाले, "उद्या ही डोक्यावरून उतरली, तर तूही दुकानाची पायरी उतरलास म्हणून समज."

आत्या, मी पार खचलोय. टोपीसकट जेवलो, आता टोपीसकट निजणार. लोकांचं तेलही जातं, तूपही जातं, हाती निदान धुपाटणं येतं. माझ्या हाताला स्वतःचं डोकंही लागत नाही. यापुढे मला कसलाही उपाय सांगू नकोस. माझ्या केसांचं नाव काढू नकोस. आतोबांना नमस्कार.

तुझा करंटा भाचा

ता. क. : शेजारच्या काकू म्हणतात, कोमट पाणी ओत. पाणी लागलं तर टोपीचं पोतेरं होईल, आणि माझंही. तूही तेच सांगशील, म्हणून आधीच लिहितो, नको.

दुसरा ता. क. : पत्राची घडी घालायला मान खाली केली, तर टोपी सरकून कानावर आली. आतून तेल सुटायला लागलंय! आत्या, वरचं सगळं रागाच्या भरात लिहिलंय, ते वाचूच नकोस. ही तुझ्या दारात उभी आहे तोवर तिच्याजवळ चटकन सांग, रात्रीतून केस तेलकट होऊ नयेत म्हणून मी काय लावू?