तिच्या सायकलचं मागचं चाक

गुरुवार, ९ तारीख
दुपार, दुकानातूनच

दादा,

नमस्कार वगैरे धरून चाल. आई बरी आहे. गुडघे दुखतात म्हणते आणि माळ्यावर स्वतःच चढते. मामा दिवसभर कुरकुरतोय, म्हणजे तोही ठणठणीत. तू फोन केलास तेव्हा मी नुसतं "हं, हं" केलं म्हणून रागावू नकोस. फोन कानाला लावला की माझं तोंड शिवल्यासारखं होतं. शाळेत उभं राहून वाचायला सांगायचे तेव्हाही तसंच व्हायचं, म्हणून तर ती सुटली. लिहिताना कोणी बघत नसतं, मग जमतं. शुद्धलेखन तपासत बसू नकोस.

इकडे नवीन म्हणजे दुकानाच्या शटरला ग्रीस लावलं, आता ते किंचाळत नाही. समोरच्या शिंप्याने कुत्रं पाळलंय, ते सगळ्या रस्त्यात फक्त मामावर भुंकतं. मामा म्हणतो, "त्याला माणसं कळत नाहीत." शिंपी म्हणतो, "कळतात की."

तू चाकाचं विचारलं होतंस. चाक झालंय.

तू पाठवलेला, चाकाच्या मध्यात बसणारा तो हब बघून मामा म्हणाला, "हा हब आहे का डबा? आत काय घड्याळ भरलंय?" मी म्हटलं, याचे सगळे गिअर आतच असतात, बाहेर चेन उड्या मारत नाही. मामा म्हणाला, "म्हणजे तुझी जात. सगळं पोटात." हब एवढा जाड की नेहमीच्या तारा लांब पडल्या, टोकं निपलमधून वर आली. तशीच ठेवली असती तर ट्यूबला टोचली असती. सगळं चाक उसवलं, आखूड तारा आणल्या, परत विणलं. मग आऊट काढला, चाक जराही डुलेना. मामाने बोट लावून चाक फिरवलं, बराच वेळ बघितलं आणि काही न बोलता चहा सांगायला गेला. तो काही बोलला नाही म्हणजे काय, ते तुला माहितीय.

चालतं पण छान. दवाखान्याच्या चढाला पहिला गिअर टाकला की बसल्या बसल्या पाय फिरतात, उठून रेटावं लागत नाही. उतारावर सातवा. आत काहीतरी बारीक टिकटिकत असतं, झोपेत कोणी दात खातंय तसं.

मला कसं माहीत, तर मी चालवून बघितलं. नवीन चाक चालवून बघावंच लागतं. मामालाही मी हेच सांगितलं. तो म्हणाला, "चालवून बघ, पण त्यावर संसार मांडू नकोस."

मी मांडला, दादा. ते चाक इतके दिवस तिच्या नाही, माझ्या सायकलला होतं.

आता मधेच पत्र टाकून देऊ नकोस, पुढचं वाच. पार्सलवर माझं नाव होतं. तू शहरातल्या कारखान्यात निघालास तेव्हा बसमध्ये चढता चढता म्हणाला होतास, "तुझ्या सायकलला पण आपण गिअर बसवू." तुला आठवत नसेल. चढता चढता माणूस काहीही बोलतो. मी पार्सल फोडलं, वर तो चकचकीत हब, गिअर बदलायचा खटका, केबल. मी तो मांडीवर घेऊन बसले आणि आईला हाक मारली, "आई, दादाने पाठवला!" आईनेही हात लावून बघितलं. मग खाली तळाला तुझी चिठ्ठी. "तिला दवाखान्याचा चढ झेपत नाही. तिच्या सायकलला बसव. काम तुझ्याशिवाय कोणाला जमणार नाही." आई म्हणाली, "असू दे गं, तीही घरचीच आता." मामा म्हणाला, "लग्न ठरलंय, आतापासून वहिनी म्हणायची सवय कर." मनातल्या मनात मी तिला नर्सबाईच म्हणते.

हबचं एक वेळ सोडलं असतं मी. पण त्या पुडीत वॉशर होते. एक्सलच्या दोन्ही बाजूंना लागतात ते, कान असलेले, कान चाक धरणाऱ्या चिमट्याच्या खाचेत बसला की एक्सल जागचा हलत नाही. प्रत्येक सायकलची खाच वेगळी, त्याप्रमाणे वॉशर वेगळे. तू बरोबर तिच्या खाचेचे पाठवले होतेस. खाली उघडणाऱ्या खाचेचे. म्हणजे तू तिच्या सायकलपाशी खाली बसून, वाकून, ते बघून ठेवलं होतंस. माझी सायकल तुझीच जुनी आहे, तिची खाच मागे उघडते हे तू झोपेतही सांगशील. तरी एकही वॉशर माझा नव्हता. त्या दिवशी मी जेवले नाही, पोट दुखतंय म्हटलं.

ती येता जाता दुकानाशी थांबायची. "झालं का गं चाक?" मी म्हणायचे, "वॉशर यायचेत." "बरं," म्हणायची, आणि आपली सायकल हाताने ढकलत चढ चढायची. मी तिची पाठ बघत उभी राहायचे. मला वाईट वाटायचं का? नाही वाटायचं. संध्याकाळी मी त्याच चढावर तुझं चाक घेऊन जायचे आणि मला वाटायचं, मी तुझ्याबरोबर आलेय.

पण वॉशर तिचे, खाच माझी. मी ते फिरवून, कान घासून, ठोकून बसवले होते. उभ्या सायकलवर चौथ्या गिअरला हबवरच्या त्या दोन पिवळ्या खुणा समोरासमोर यायच्या, म्हणजे केबलचा ताण ठीक. मी दहा वेळा बघायचे, बरोबर. पण चढावर जोर दिला की एक्सल जरासा वळायचा, केबल ताणली जायची, खुणा सरकायच्या. हे मला पडल्यावर कळलं. सोमवारी चढाच्या मध्यावर गिअर सुटला, पायडल एकदम रिकामं गेलं, जसं शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि नसावीच. गुडघा हँडलवर, मी गटाराच्या कडेला, सायकल माझ्यावर.

आणि वरून कोण उतरत होतं सांग.

"हलू नकोस. इकडे बघ. बोटं किती?"

"तीन."

"डोकं शाबूत आहे. गुडघा दाखव."

तिच्या पिशवीत सगळं असतं. कापसाने पुसताना ती एकदम थांबली. मागच्या चाकाकडे बघत होती. तो जाडजूड हब लपवणार कुठे?

"आले वाटतं वॉशर," ती म्हणाली.

माझं तोंड शिवलेलं. कान गरम.

"तुला मुंगी म्हणतात ते उगीच नाही. मुंग्यांची हीच खोड. आवाज नाही, पण चावतात."

मला वाटलं आता ती तुला फोन करणार. तर ती शेजारी कट्ट्यावरच बसली. म्हणाली, "तुझा दादा फोनवर माझ्याशी काय बोलतो माहितीय? मुंगीने हे उघडलं, मुंगीने ते जोडलं, मुंगीचा हात असा, मुंगीचा कान तसा. मी दिवसभराचं सांगायला लागले की म्हणतो, हो का, आणि परत मुंगी. मला इतका राग यायचा तुझा! एकदा मी फोन ठेवून दिला."

खरं सांगू? मला एवढं बरं वाटलं की गुडघ्याची आग थांबली. तीही जळते! आणि माझ्यावर!

मग मात्र तिने सगळं बिघडवलं. म्हणाली, "चाक तूच ठेव. मला चालायची सवय आहे. त्याला सांगीन, बसलं म्हणून."

हे मला अजिबात आवडलं नाही. तू विचारलंस तेव्हा वॉशरचं न सांगता ती "होतंय, होतंय" म्हणत राहिली ना? तेवढं खोटं ती आधीच बोलली माझ्यासाठी. आता वर हब पण सोडणार, आणि कधीतरी तुला कळणार, आणि तू म्हणणार, बघ किती मोठ्या मनाची. मी कोतीच राहणार जन्मभर. मी तिला म्हटलं, "सायकल घेऊन या दुकानात. आत्ता." दादा, एका दमात एवढे शब्द मी बाहेरच्या कोणाशी बोलले नव्हते.

ती आली. तेलाच्या डब्यावर बसून तिने चाक धरलं, ज्या वॉशरचे कान मी घासले होते ते टाकून तिच्या खाचेचे दुसरे मागवलेले लावले. (ते मी केव्हाच मागवले होते. खोक्यात पडून होते. का मागवले, मला विचारू नकोस.) कान तिच्या सायकलच्या खाचेत टक्कन बसले. केबल सरळ आली. चौथा गिअर, खुणा समोरासमोर, मग ती सायकलवर बसून रेटत असतानाही समोरासमोर. मामा म्हणाला, "शाबास." मोठ्याने म्हणाला, तर कुत्रं भुंकलं.

काल ती बसून चढ चढली. एकदाही उतरली नाही. वर पोचल्यावर मागे वळून हात केला. मी पण केला. पोटात आग पडलीच, दादा. ती काही विझलेली नाही, तुला खोटं सांगणार नाही. तो हब माझ्या मांडीवर होता आधी.

म्हणून तिला मी एक अट घातलीय. हा हब वर्षातून एकदा उघडावा लागतो. आतलं सगळं एका तुकड्यात बाहेर काढायचं, तेलात बुडवायचं, निथळत ठेवायचं, मग परत आत. लग्न झालं की तू म्हणशील, आण इकडे, मी करतो. नाही करायचं. त्या हबला तू पाना लावायचा नाहीस. तुम्ही जिथे राहाल तिथून ते चाक माझ्याकडे आणायचं, तिने एकटीने नाही, दोघांनी. आणि तेल निथळायला अख्खी रात्र लागते, तेव्हा मुक्कामालाच यायचं. ती हो म्हणालीय. तुझं हो पत्राने कळव, फोनने नको.

तुझी एकुलती एक बहीण
(हे तिला काही केल्या होता येणार नाही),
मुंगी